अंगावरून वारं गेलं म्हणजे नेमकं काय झालं?



एकाच आजाराला आपल्याकडे किती नावं आहेत बघा. कुणी म्हणतं लकवा मारला, कुणी म्हणतं अंगावरून वारं गेलं, कुणी म्हणतं एक बाजू पडली. पुस्तकात पक्षाघात किंवा अर्धांगवायू लिहिलेलं असतं आणि कॉलेजात जाणाऱ्या पोरी सरळ स्ट्रोक म्हणतात. नावात काय आहे, असं वाटेल. पण या आजारात नावानं बरंच नुकसान केलं आहे. एकदा वारं गेलं म्हटलं, की घरातले लोक उपायही वाऱ्यावरचाच शोधतात. माणसाला गोधडीत गुंडाळतात, कान बांधतात, मोहरीचं तेल कोमट करून हातपाय चोळत बसतात. बिघाड मात्र हातात नसतो, पायात नसतो, हवेतही नसतो. तो असतो डोक्यात, मेंदूच्या रक्तवाहिनीत.

हे समजायला आपलं शेतच घ्या. कपाशीला ठिबक टाकलेलं असतं. मोटर चालू असते, पाणी येत असतं, पण एका सरीतली रोपं माना टाकतात. आपण रोपांना तेल चोळतो का? आपण नळी बघतो. एक तर ती कचऱ्यानं चोंदलेली असते, नाही तर कुठं तरी फुटून पाणी भलतीकडेच वाहत असतं. मेंदूचं तसंच आहे. बहुतेक वेळा रक्ताची गुठळी अडकून नळी बंद होते. काही वेळा नळी फुटते आणि रक्त मेंदूत सांडतं. दोन्हीमध्ये पुढच्या भागाला रक्त मिळत नाही आणि तो भाग ज्या अवयवाला हुकूम देत होता तो अवयव थांबतो. मेंदूची डावी बाजू अंगाची उजवी बाजू चालवते आणि उजवी बाजू डावी. बोलणं बहुतेकांचं डाव्या मेंदूत असतं. म्हणून उजवा हात-पाय गेलेल्या माणसाची वाचाही बरेचदा जाते.

मेंदू वजनानं शरीराच्या पन्नासाव्या हिश्शाएवढा, पण शरीराच्या रक्तातला पाचवा हिस्सा त्याला एकट्याला लागतो. त्यामुळे रक्त थांबलं की तो तग धरत नाही. मोठी नळी बंद झाली, तर उपचाराविना दर मिनिटाला सुमारे १९ लाख पेशी मरतात, असा हिशोब शास्त्रज्ञांनी मांडला आहे. मेलेली पेशी परत येत नाही.

हा शहरातल्या साहेबांचा आजार नाही

बीपी, लकवा हे खाऊन-पिऊन बसणाऱ्यांचे आजार, राबणाऱ्या माणसाला ते होत नाहीत, असं आमच्याकडे कार्यक्रमाला येणाऱ्या बाया हमखास बोलून दाखवतात. याचं उत्तर आपल्याच विदर्भातून आलेलं आहे. गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांची 'सर्च' ही संस्था १९८६ पासून काम करते. तिथं मेंदूविकारतज्ज्ञ डॉ. योगेश्वर कालकोंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ८६ गावांमधल्या मृत्यूंचा अभ्यास केला. तो २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. दोन वर्षांत त्या गावांमध्ये १,५९९ माणसं गेली आणि त्यांतली २२९ पक्षाघातानं. म्हणजे दर सात मरणांमागे एक. त्या गावांमध्ये मरणाचं पहिल्या क्रमांकाचं कारण पक्षाघात निघालं. ती गावं धानाची, जंगलाची, हातावर पोट असणाऱ्यांची. तिथं 'साहेब' कुठून असणार?

त्याच अभ्यासातल्या आणखी दोन गोष्टी आम्हाला जास्त बोचतात. गेलेल्यांमध्ये जवळपास निम्म्या बाया होत्या. आणि दर शंभरातली सत्त्याऐंशी माणसं घरीच गेली. काहींना दवाखाना दाखवून परत आणलं असेल, काहींना नेलंच नसेल. आपला जिल्हा गडचिरोली नाही हे खरं. पण झरी जामणीच्या पोडावरून किंवा उमरखेडच्या टोकाच्या तांड्यावरून यवतमाळ किती लांब आहे, हे तुम्हाला सांगायला नको.

ओळखायचं कसं

तीन गोष्टी बघायच्या: तोंड, हात, बोल. माणसाला हसायला सांगा, ओठाचा एक कोपरा खाली लोंबतो का बघा. दोन्ही हात समोर उचलून डोळे मिटायला सांगा, एक हात आपोआप खाली येतो का बघा. एक साधं वाक्य बोलायला सांगा, आपलं गावाचं नाव, लेकराचं नाव. जीभ जड झाली, शब्द चुकले किंवा आपलं बोलणंच त्याला कळेना, तर ते चिन्ह आहे. तिन्हींपैकी एक जरी अचानक दिसलं तरी पुरे. तिन्ही एकत्र येण्याची वाट पाहायची नाही.

याशिवाय अचानक एका डोळ्यानं किंवा अर्ध्या बाजूचं दिसेनासं होणं, अचानक तोल जाऊन चालता न येणं, आयुष्यात कधी झाली नाही अशी डोकेदुखी उलटीसह एकदम उठणं, हेही पक्षाघातच असू शकतं. 'अचानक' हा शब्द आम्ही मुद्दाम परत परत वापरतो आहोत. महिनोन् महिने दुखणारा खांदा, रात्री बधिर होणारी बोटं, ती वेगळी दुखणी. पक्षाघात घड्याळ लावून येतो: दहा वाजता माणूस धड होता, सव्वादहाला नाही.

आपल्याकडच्या उन्हाळ्यात एक घोळ होतो. एप्रिल-मे महिन्यात शेतात कुणी कोसळलं की सगळे म्हणतात ऊन लागलं. सावलीत नेतात, कांदा लावतात, पन्हं पाजतात. ऊन लागलेल्या माणसाचं अंग तापतं, तो सगळाच गळतो, भ्रमतो. पण त्याचं एकीकडचंच तोंड वाकडं होत नाही आणि एकच हात लुळा पडत नाही. बाजू दिसली की ऊन नव्हे, लकवा समजा. दोन्हींमध्ये दवाखाना लागतोच, पण लकव्यात तोंडातून पाजलेलं पन्हं फुप्फुसात जाऊ शकतं.

घड्याळ बघा, मग १०८

सगळ्यात पहिल्यांदा वेळ बघून ठेवायची. लकवा आलेला दिसला ती वेळ नाही, माणूस शेवटचा ठीक दिसला ती. हे का महत्त्वाचं आहे ते सांगतो. गुठळी अडकून झालेल्या पक्षाघातावर ती विरघळवणारं इंजेक्शन आहे. पण ते लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं आणि त्यातही जितकं लवकर तितकं चांगलं. वेळ टळल्यावर ते द्यायला गेलं तर मेंदूत रक्तस्राव होण्याचा धोका फायद्याहून मोठा होतो. डॉक्टर पहिला प्रश्न हाच विचारतात: केव्हा झालं? "सकाळी उठला तेव्हा असाच होता" असं असेल, तर रात्री तो शेवटचा कधी बोलला, लघवीला कधी उठला, ते आठवून सांगा.

साडेचार तास ऐकायला भरपूर वाटतात. हिशोब करून बघा. नवरा शेतातून येईपर्यंत एक तास. मोठ्या दिराला फोन, मग कुणीतरी म्हणतं जरा पडून राहू द्या, त्यात एक तास. गाडी मिळायला अर्धा तास. जवळच्या खाजगी डॉक्टरकडं सलाइन लावून बसवलं, त्यात दीड तास. मग तिथून सांगतात, मोठ्या दवाखान्यात न्या. आणि मोठा दवाखाना अजून दोन तासांवर.

इंजेक्शनाआधी सीटी स्कॅन लागतो. बाहेरून बघून गुठळी आहे की रक्त सांडलं आहे हे मोठ्यातल्या मोठ्या डॉक्टरलाही खात्रीनं सांगता येत नाही आणि दोन्हींचा उपचार एकमेकांच्या उलट आहे. एकात रक्त पातळ करायचं, दुसऱ्यात ते केलं तर जीव जाईल. त्यामुळेच घरातली ॲस्पिरिनची गोळी द्यायची नाही. छातीत दुखलं की ती देतात असं ऐकून काही जण लकव्यातही देतात. तसंच, बीपी वाढलेलं दिसलं म्हणून जिभेखाली गोळी ठेवून ते एकदम खाली आणायचं नाही. त्या वेळी शरीर मुद्दाम दाब वाढवून मेंदूला रक्त पोचवायची धडपड करत असतं.

म्हणून जिथं चोवीस तास सीटी स्कॅन होतो आणि हे इंजेक्शन मिळतं, तिथंच सरळ जायचं. यवतमाळ शहरात श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे. वणी, मारेगाव भागातल्या माणसाला चंद्रपूरचं वैद्यकीय महाविद्यालय जवळ पडतं, उमरखेडकडच्याला नांदेड, राळेगावकडच्याला सेवाग्राम. कुठं कोणत्या वेळी काय सुरू असतं हे बदलत असतं. म्हणून हे प्रसंग आल्यावर विचारायचं नाही, आजच विचारून ठेवायचं. आशाताई, उपकेंद्राचे आरोग्य अधिकारी किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रातले डॉक्टर यांना गटाच्या बैठकीत बोलवा आणि एकच प्रश्न विचारा: आमच्या गावात उद्या रात्री दोन वाजता लकवा आला, तर कुठं न्यायचं? उत्तर कागदावर लिहून ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावा.

१०८ ला फोन करताना "लकवा आला आहे, तोंड वाकडं, इतक्या वाजता झालं" असं स्पष्ट सांगा. गाडीला फार उशीर लागणार असं कळलं, तर गावातली गाडी काढा. गाडी येईपर्यंत माणसाला कुशीवर झोपवा, म्हणजे लाळ किंवा उलटी श्वासात जाणार नाही. तोंडात काही घालू नका. चहा नाही, पाणी नाही, साखर नाही, काढा नाही. घसा त्या वेळी नीट गिळत नसतो. शुगरच्या आजाराचा माणूस असेल आणि यंत्र असेल तर शुगर मोजा. ती फार खाली गेली तरी हुबेहूब लकव्यासारखं दिसतं आणि दवाखान्यात शिरेतून साखर दिली की बरं होतं. जुनी फाइल, चालू गोळ्यांच्या पट्ट्या, आधार आणि रेशन कार्ड बरोबर घ्या. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसलेला असतो. पैसे भरायच्या आधी त्याला गाठा.

जडीबुटीवाल्याचा गुण कसा येतो?

हा विषय नाजूक आहे, पण टाळून चालणार नाही. लकव्याचं औषध देणारं एखादं ठिकाण प्रत्येक तालुक्याला माहीत असतं. कुठं पाला वाटून देतात, कुठं ताईत बांधतात, कुठं कबुतराचं रक्त चोळतात. आणि गुण आलेली माणसं दाखवतातही. ती माणसं खोटं बोलत नसतात. मग हे होतं कसं?

एक तर, सगळं वाकडं तोंड मेंदूचं नसतं. चेहऱ्याची एक नस सुजली की फक्त तोंड वाकडं होतं, डोळा मिटत नाही, कपाळावरची आठीही त्या बाजूला पडत नाही. हात-पाय, बोलण्यातली समज मात्र शाबूत असते. हा दुखणाईत बहुतेक वेळा काही आठवड्यांत आपोआप सुधारतो. सुरुवातीच्या तीन दिवसांत डॉक्टरांच्या गोळ्या घेतल्या तर अधिक चांगला. आता तो मधल्या काळात पाला खाऊन आला असेल, तर श्रेय पाल्याला जातं. दुसरं, खऱ्या पक्षाघातातही पहिल्या तीन महिन्यांत मेंदू स्वतः सावरतो. आजूबाजूचे भाग काम शिकून घेतात आणि हात थोडा उचलायला लागतो. तेव्हाही श्रेय चोळणाऱ्याला. आमचं म्हणणं इतकंच आहे: कुणाची श्रद्धा असेल तिनं दवाखान्यातून परत आल्यावर देवाला जावं, नवस फेडावा. पहिल्या साडेचार तासांत मात्र गाडी देवळाकडं वळवू नये. आणि घरातल्या घरात फरक शोधत बसायचं कारण नाही. तोंड वाकडं झालं की दवाखाना, नस आहे की मेंदू ते डॉक्टर ठरवतील.

आणखी एक फसवं रूप आहे. हात लुळा पडला, जीभ अडखळली आणि दहा-वीस मिनिटांत सगळं पूर्ववत झालं. घरात सुटकेचा श्वास सोडतात, "आलं होतं, पण गेलं." हे जाणं नसतं, ही सूचना असते. गुठळी आली आणि सुदैवानं विरघळली. पुढची मोठी येण्याचा धोका लगेचच्या दोन-चार दिवसांतच सर्वांत जास्त असतो. त्यामुळे बरं वाटत असलं तरी त्याच दिवशी दवाखाना.

बीपीची गोळी आणि मिठाची पुडी

जगातल्या ३२ देशांत, भारत धरून, झालेला एक मोठा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दिसलं की दहापैकी नऊ पक्षाघातांमागे अशी कारणं असतात ज्यांवर आपण काही करू शकतो. आणि त्यात एकट्या वाढलेल्या रक्तदाबाचा वाटा जवळपास निम्मा. बाकी शुगर, तंबाखू, दारू, वाढलेली चरबी, हृदयाचे आजार वगैरे मिळून उरलेला.

रक्तदाबाची खोड अशी, की तो दुखत नाही. चक्कर येते, डोकं धरतं तेव्हाच बीपी असतं, हा समज चुकीचा आहे. बहुतेकांना काहीही होत नाही आणि आतल्या आत नळ्या कडक होत जातात. म्हणून मोजणं हाच मार्ग. तिशीच्या पुढच्या प्रत्येकाची बीपी-शुगर तपासणी सरकारी उपकेंद्रात, आयुष्मान आरोग्य मंदिरात, फुकट होते आणि गोळ्याही फुकट मिळतात. मोजण्याआधी पाच मिनिटं शांत बसायचं, अर्धा तास आधी चहा नाही, खर्रा नाही. डोक्यावर हंडा घेऊन आलेल्या बाईचं दारातच बीपी मोजलं तर ते जास्तच येणार. १४०/९० किंवा त्याच्या वर, वेगवेगळ्या दिवशी, पुन्हा पुन्हा येत असेल, तर तो आजार आहे.

पुढचा अडथळा गोळीचा. "एकदा सुरू केली की सवय लागते." भाकरीची सवय लागते तशीच, मैत्रिणींनो. गोळी चोवीस तास दाब धरून ठेवते, संपली की तो परत वर. बीपी नॉर्मल आलं म्हणून गोळी सोडणारी माणसं लकव्याच्या वॉर्डात फार भेटतात, असं डॉक्टर सांगतात. ते नॉर्मल आलेलं असतं गोळीमुळेच. आमच्या माहितीतल्या कितीतरी घरांत नवऱ्याची गोळी आठवणीनं दिली जाते आणि बाईची संपली तर पुढच्या बाजारी बघू म्हणतात. गटाच्या बैठकीत हप्ता वसूल करताना "गोळी चालू आहे का?" हा एक प्रश्न जोडून बघा.

मीठ. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे सपाट एक चमचा, सगळं मिळून. आता हे मोजायचं कसं? सोपी युक्ती आहे. घरात पाच मोठी माणसं असतील, तर महिन्याला पाऊण किलो मीठ पुरे व्हायला हवं. किलोची पुडी महिनाभर पुरत नसेल, तर हात सैल आहे. आणि यात पापड, लोणचं, कुरड्या, ठेचा, सुकलेली मासळी, दुकानातले शेव-चिवड्याचे पुडे यांतलं मीठ अजून धरलेलंच नाही. आमचं मत असं, की भाजीतलं मीठ एकदम तोडू नये. घरचे ताट सरकवतात आणि प्रयोग दोन दिवसांत संपतो. आधी ताटात वरून घ्यायचं मीठ बंद करा, मग महिन्याभरात भाजीतलं हळूहळू कमी करा. जिभेला कळत नाही.

तंबाखूबद्दल वेगळं काय सांगायचं! महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, आणि तरी खर्रा घोटण्याचा आवाज प्रत्येक पानटपरीवर ऐकू येतो. पुरुषांना नावं ठेवताना आपण मात्र गुडाखू, नस, मिश्री विसरतो. दात घासायला म्हणून सुरू होते, दिवसातून चार वेळा लागते. तोही तंबाखूच. तो चघळला काय, घासला काय, नळ्यांना सारखाच.

तरुणपणी येणारा लकवा

पक्षाघात म्हातारपणीच येतो असं नाही, आणि आपल्या भागात याची तीन कारणं आठवणीत ठेवायला हवीत.

पहिलं सिकलसेल. विदर्भात, विशेषतः आदिवासी आणि काही इतर समाजांत, हा आजार बराच आहे. यात रक्ताच्या पेशी कोयत्यासारख्या वाकड्या होतात आणि नळीत अडकतात. त्यामुळे सिकलसेलच्या लहान लेकरालाही लकवा येऊ शकतो. शाळेतून आलेलं पोर अचानक लंगडायला लागलं, हातातली वही पडायला लागली आणि त्याच्याकडे सिकलसेलचं कार्ड असेल, तर "खेळताना लागलं असेल" म्हणून थांबू नका.

दुसरं हृदयाची झडप. लहानपणी घसा दुखून ताप येतो, सांधे सुजतात, त्यातून पुढं झडप खराब होते. अशा हृदयात गुठळी तयार होऊन ती मेंदूत जाऊ शकते. ज्या मुलींना दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन घ्यायला सांगितलं आहे, त्यांचं लग्नानंतर ते बंद पडतं. सासरी सांगायला लाज वाटते म्हणून. यात लाजण्यासारखं काही नाही.

तिसरं बाळंतपण. गरोदरपणात बीपी वाढलं, पायाला-चेहऱ्याला सूज आली, झटके आले, तर त्या दिवसांत आणि बाळंतपणानंतरच्या सहा आठवड्यांत पक्षाघाताचा धोका असतो. अशा बाईला पुढं उतारवयातही तो इतरांपेक्षा जास्त राहतो. बाळ झालं, बीपी उतरलं, विषय संपला असं नाही. तिनं वर्षातून एकदा तरी मोजत राहावं. आणि ज्यांचं बीपी जास्त आहे त्यांनी पाळणा लांबवायच्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत, दुसरी साधनं आहेत.

घरी परत आल्यावर

जीव वाचतो, माणूस घरी येतो, आणि खरं काम तिथं सुरू होतं. ते बहुतेक घरांत सुनेच्या, लेकीच्या नाही तर बायकोच्या वाट्याला येतं. दवाखान्यातून सुट्टी देताना फार तर कागद मिळतो. म्हणून काही गोष्टी नीट सांगतो.

लुळा हात ओढून माणसाला उठवू नका. खांद्याचे स्नायू ढिले झालेले असतात, ओढलं की खांदा उतरतो आणि मग वर्षभर दुखतो. उठवताना पाठीमागून, काखेच्या खाली बरगड्यांना आणि कमरेला आधार द्या. झोपून असेल तर दर दोन तासांनी कूस बदला. माकडहाड, टाच, खुबा लाल दिसायला लागला की जखम दाराशी आली समजा. खाऊ घालताना पूर्ण ताठ बसवा, हनुवटी थोडी खाली. पातळ पाण्यापेक्षा घट्ट पदार्थ बरे, ज्वारीची कण्यांची पेज, मऊ वरण-भात. खाताना खोकला येत असेल किंवा आवाज ओलसर येत असेल, तर ते गिळणं बिघडल्याचं लक्षण, डॉक्टरांना दाखवा. खाल्ल्यावर अर्धा तास बसवूनच ठेवा.

बोलता येत नाही म्हणजे कळत नाही, असं धरू नका. या एका गैरसमजानं माणसाचे फार हाल होतात. त्याच्यासमोरच खर्चाचं, जमिनीचं, "किती दिवस असं" हे बोललं जातं आणि तो ऐकत असतो. एका वेळी एकानंच बोला, छोटं वाक्य बोला, हो-नाहीवर उत्तर येईल असा प्रश्न विचारा, आणि उत्तराला वेळ द्या. काही माणसं या आजारानंतर कारण नसताना रडतात किंवा हसतात. तो मेंदूच्या जखमेचा भाग असतो, नाटक नव्हे. आणि साधारण तीनात एकाला खोल उदासी येते. जेवण टाकणं, व्यायामाला नकार देणं, "मला मरू द्या" म्हणणं, हे हट्ट म्हणून सोडू नका, त्यावर औषध आहे.

व्यायामाबद्दल आमचा अनुभव थोडा कडू आहे. लोक दोन टोकांना जातात. एक तर काहीच नाही, नाही तर दिवसभर मालीश. मालीशनं हात शिकत नाही. हाताकडून काम करून घेतलं तर तो शिकतो. तूर निवडणं, भांडं धरणं, कपडा पिळणं, दहा पावलं चालून अंगणापर्यंत जाणं, हे खरे व्यायाम. पण कोणते, किती, हे फिजिओथेरपिस्टला एकदा तरी दाखवून ठरवा आणि महिन्या-दोन महिन्यांनी परत दाखवा. भारतातल्या १४ रुग्णालयांत साडेबाराशे रुग्णांवर एक अभ्यास झाला होता, २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. घरच्यांना व्यायाम शिकवून त्यांच्यावरच सोपवलं तर रुग्ण जास्त सुधारतात का, असा प्रश्न होता. नेहमीच्या उपचारापेक्षा जास्त फायदा दिसला नाही. आम्हाला यातून दिसतं ते असं: सगळा भार सुनेवर टाकून सुधारणा झाली नाही की तिलाच बोल लावणं, हे शास्त्रालाही धरून नाही.

एकदा पक्षाघात झालेल्याला परत होण्याचा धोका असतो. बीपीची, रक्त पातळ ठेवणारी, चरबीची गोळी डॉक्टरांनी बंद करायला सांगेपर्यंत सुरूच ठेवायची. हात-पाय कायमचे अधू राहिले तर सरकारी रुग्णालयातून दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड काढा. ४० टक्के किंवा जास्त अपंगत्व असेल आणि बाकी अटी बसत असतील, तर संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज तहसीलमध्ये करता येतो. हे काम कंटाळवाणं आहे, दोन-तीन फेऱ्या होतात. बाजू पडलेल्या माणसाला घेऊन एकटी बाई एसटीनं या फेऱ्या करू शकत नाही. इथं गट लागतो.

काही गटांनी काय करून पाहिलं ते सांगतो. गटाच्या पैशातून हातावर बांधायचं बीपीचं यंत्र घेतलं आणि ते दर बैठकीत फिरवलं. आकडे हप्त्याच्या वहीतच शेवटच्या पानावर लिहिले. अंतर्गत कर्जाचे थोडे पैसे 'रात्रीची गाडी' म्हणून बाजूला ठेवले, त्याला व्याज नाही, सही दुसऱ्या दिवशी. आणि ज्या घरात लकव्याचा माणूस आहे, तिथल्या बाईला आठवड्यातून एक दुपार मोकळी करून दिली. कुणीतरी तिथं जाऊन बसायचं, तिनं झोपावं, माहेरी फोन करावा, काहीही करावं. यंत्र आणि गाडी लोकांना लवकर पटते. दुपार पटायला वेळ लागतो, पण ज्या बाईला ती मिळाली तिला विचारा.

तुम्ही विचारलेले प्रश्न

एका ताईंनी विचारलं, "सासऱ्यांना लकवा होऊन दोन वर्षं झाली, आता व्यायाम करून उपयोग आहे का?" सुधारणेचा वेग पहिल्या तीन ते सहा महिन्यांत जास्त असतो, नंतर मंदावतो, पण दार बंद होत नाही. दोन वर्षांनी हात पूर्वीसारखा होईल असं नाही. स्वतः आंघोळ करणं, स्वतः संडासला जाणं एवढं जमलं तरी त्यांचं आणि तुमचं दोघांचं जगणं बदलेल. संडासात भिंतीला एक बांबूचा आडवा दांडा पक्का बसवून घ्या.

दुसरीनं विचारलं, "माझ्या आईला लकवा होता, मला होणारच का?" होणारच असं नाही. बीपी-शुगरची ओढ घराण्यात असते, म्हणून तुम्ही इतरांपेक्षा आधीपासून मोजत राहा.

आणि हा प्रश्न श्रावण जवळ आला की दरवर्षी येतो: "उपासाच्या दिवशी बीपीची गोळी घेतली तर उपास मोडतो का?" गोळी घोटभर पाण्यासोबत घेता येते आणि ती अन्न नाही. ज्या बाया कडक निर्जळी करतात, त्यांनी आपल्या डॉक्टरांना आधी विचारावं. शुगरची गोळी किंवा इन्सुलिन असेल तर जरूर विचारावं, कारण उपाशीपोटी शुगर एकदम खाली जाऊ शकते. उपासाला साधं मीठ चालत नाही म्हणून सैंधव वापरतो आणि ते चांगलं म्हणून साबुदाण्याच्या खिचडीत, शेंगदाण्याच्या आमटीत हात सैल सोडतो. सैंधव हेही मीठच आहे, दिवसाच्या एका चमच्यात ते धरायचं.